भात सोडला, चहा राहिला

सप्रेम नमस्कार,

मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. वय ४६, उंची पाच फूट, वजन ६८ किलो. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा. गोळी दिलेली नाही.

गुढीपाडव्याला मी भात सोडला. माझं माहेर आजऱ्याचं, घनसाळ भातावर वाढलेली मी, त्यामुळे हे सोपं नव्हतं. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले. मग मे महिन्यात लग्नं लागली, एका पंगतीत मसालेभात घेतला आणि तिथून सगळं घसरलं. आता वजन होतं तिथेच आलंय, अर्धा किलो जास्तच. भावाला सांगून टाकलंय, यंदा तांदूळ पाठवू नकोस.

मी फार खात नाही हो. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, रात्री पोळी, भाजी, आमटी. चहा तेवढा पाच-सहा कप होतो, पण तो काही जेवणात धरायचा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चहाबरोबर खारी नाहीतर थोडं भडंग. गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या करते, तरी वजन हलत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण दिवसातून दोनदाच जेवते, तिचं आठ किलो कमी झालं. मीही तेच करू का? साखरेऐवजी गुळाचा चहा चालेल का? आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध? सासूबाई म्हणतात, या वयात अंग सुटायचंच. भाच्याच्या लग्नातले फोटो बघितले आणि मला माझीच लाज वाटली.

— एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भाताबद्दल तुम्ही एक अख्खा परिच्छेद लिहिलाय आणि चहाबद्दल एक ओळ. माझं उत्तर नेमकं उलट असणार आहे.

पण आधी त्या लाजेबद्दल. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, पाळी जायच्या आसपास चरबी पोटाकडे सरकते, आणि दिवसातले आठ तास तुम्ही खुर्चीत असता. अंगावर वजन चढायला एवढं पुरतं. त्यात तुमचा आळस नाही की तुमची हाव नाही. सासूबाई निम्म्या बरोबर आहेत: या वयात अंग सुटतं. सुटलेलं तसंच राहतं, हे मात्र खरं नाही. डॉक्टरांनी तपासलं नसेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. थायरॉइड मंद असेल तर पुढचं सगळं करूनही काटा अडून बसतो.

आता भात. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले ते कसले, हे समजून घ्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलो चरबी एकवीस दिवसांत जाळायची तर रोज ११०० कॅलरींची तूट पडायला हवी. वाटीभर शिजलेल्या भातात असतात १८० ते २००. दोन वाट्या सोडल्या तरी हिशोब जमत नाही, आणि भात सोडल्यावर डब्यात तिसरी पोळी आली असणार, असा माझा अंदाज आहे. मग वजन कुठून उतरलं? आपलं शरीर पिष्टाचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात एकदम बंद केला की साठा कमी होतो आणि पाणी निघून जातं. काट्यावर किलो-दोन किलो झटकन कमी दिसतात. मसालेभाताच्या त्या पंगतीनंतर परत आलं ते आधी हे पाणीच. तुम्हाला वाटलं आपला निश्चय मोडला, आणि निश्चय मोडलाच आहे तर मग काय, म्हणून पुढचे दोन महिने सोडून दिले. खरं नुकसान त्या दोन महिन्यांत झालं. पंगतीतल्या मसालेभाताला मी दोष देणार नाही.

तेव्हा भात परत घ्या. रोज एकदाच, शिजलेला एक वाटी, सपाट भरलेली. दुपारी किंवा रात्री, जेव्हा जास्त आवडतो तेव्हा, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. तुमची साखर ६.१ आहे, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. पांढरा भात रक्तात लवकर उतरतो. आधी कोशिंबीर आणि भाजी खा, मग वरणाबरोबर भात, म्हणजे तो जरा सावकाश उतरेल. जेवल्यावर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीवर, कुठेही चाला. जेवणानंतरच्या चालण्याने साखर खरोखर कमी चढते. शेवटी दहीभाताची दुसरी वाटी घ्यायची सवय असेल तर तेवढी सोडा.

भाताचं एवढंच. आता चहा.

चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो, असं आपण म्हणतो, आणि म्हणूनच तो कुठल्याच हिशोबात येत नाही. तुमच्या चहाचा हिशोब मी मांडला, तो बघा. घरचे तीन कप धरले: उठल्यावर, पोह्यांबरोबर आणि संध्याकाळी. सांगलीत घरी बहुधा म्हशीचं दूध. एका कपात ७० मिली दूध पडत असेल तर त्याच्या सुमारे ६५ कॅलरी, दोन चमचे साखरेच्या ४०. म्हणजे कपाला शंभराच्या वर. तीन कपांचे तीनशे. ऑफिसातले तीन छोटे कप, प्रत्येकी साठ धरू, म्हणजे १८०. आले पाचशे. त्यात संध्याकाळच्या दोन खाऱ्या. खारी हाताला हलकी लागते, पण ती मैदा आणि वनस्पती तुपाच्या थरांवर थर देऊन केलेली असते. त्या दोन खाऱ्या आणि दुपारच्या चहाबरोबरची दोन-तीन बिस्किटं मिळून दोनशे धरायला हरकत नाही. एकूण सातशे. तुमच्या दुपारच्या डब्यापेक्षा जास्त, आणि सोडलेल्या भाताच्या साडेतीन वाट्यांएवढे. या सातशे कॅलरींनी पोट भरत नाही. पातळ पदार्थांतून आलेल्या कॅलरी पोटाला फारशा कळतच नाहीत, चहा पिऊन कोणी पोळी कमी खाल्लेली मी पाहिलेली नाही.

नुसती साखर बघितली तर दिवसाला दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर तुमच्या एकटीच्या चहात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती रोजच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. चहातच तुम्ही त्याच्या दुप्पट घेता. मोदक, शिरा, श्रीखंड यांची पाळी अजून आलेलीच नाही.

आता यात करायचं काय. चहा सोडा असं मी सांगणार नाही. सहा कपांवरून एकदम शून्यावर आलं की दोन-चार दिवस डोकं असं धरतं की माणूस सातव्या दिवशी आठ कप पितो. तुमच्यासाठी अडचणीची गोष्ट कपापेक्षा पातेलं आहे. आपल्याकडे पाणी, साखर, चहापूड, दूध सगळं एकत्र उकळतं आणि घरातल्या सगळ्यांना एकाच गोडीचा चहा मिळतो. त्यामुळे तुम्हाला साखर कमी करायची तर सगळ्यांची कमी करावी लागते, आणि मग घरातून कुरकुर सुरू होते. तेव्हा पहिला बदल हा: साखर पातेल्यात घालायची नाही. चहा बिनसाखरेचा गाळायचा, आणि ज्याने त्याने आपल्या कपात हवी तेवढी घालून ढवळायची. सासूबाईंना दोन चमचे हवे तर दोन. तुमचे सध्या दोन आहेत, ते पुढचे दहा दिवस दीड. मग दहा दिवस एक. मग अर्धा. जीभ हळूहळू सरावते. महिना-दीड महिन्याने ऑफिसातला चहा तुम्हाला पाकासारखा लागेल. हे अनेकांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलंय, आणि तो दिवस आला की पुढचं काम अर्धं होतं.

ऑफिसातल्या चहाचं मात्र वेगळं आहे. तो टपरीवरून किटलीत साखरेसकट येतो. तिथे गोडी तुमच्या हातात नाही, फक्त संख्या आहे. तीनाचा एक करा. पतसंस्थेत कर्जदार, ठेवीदार, संचालक येतच राहतात, प्रत्येकाबरोबर चहा होतो, आणि नको म्हटलं की समोरच्याला वाटतं बाई फटकून वागतात. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे एक उपाय आहे, तो पुढे सांगते. टेबलावर घरून आणलेली ताकाची बाटली ठेवा, पातळ, जिरं-मीठ घातलेलं. चार वाजता हात कपाकडे जातो त्यात भूक कमी असते आणि कंटाळा जास्त. हाताला धरायला काहीतरी हवं असतं.

पोह्यांबरोबरचा चहाही पुढे ढकला. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. या वयात पाळीला रक्तस्राव जास्त होत असेल तर तुमच्यासाठी हे वजनाइतकंच महत्त्वाचं आहे.

गुळाच्या चहाने फरक पडणार नाही. गल्लोगल्ली त्याच्या पाट्या लागल्यात, पण शंभर ग्रॅम साखरेत चारशे कॅलरी असतील तर गुळात जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळाची चव आवडत असेल तर घ्या, पण चमचे मोजून. लिंबू-मधाचंही तेच. मोठा चमचाभर मध म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी. त्याने चरबी वितळत नाही, सकाळची सुरुवात फक्त एका गोड पेल्याने होते. कोमट पाणी नुसतं प्या. गोडीच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. माझा त्यांना विरोध आणखी एका कारणाने आहे. त्या गोळ्यांनी जिभेची गोडी तेवढीच राहते, आणि आपल्याला तर तीच उतरवायची आहे.

संध्याकाळच्या भडंगाबद्दल. सांगलीकरांना भडंग सोडा म्हणण्याचं धाडस मी करणार नाही आणि गरजही नाही. मुरमुरा हलकाच असतो, जड होतात ते त्यावरचं तेल आणि दाणे. पिशवी मांडीवर घेऊन खाऊ नका. वाटीत काढा, वर काकडी, कांदा, टोमॅटो चिरून घाला, लिंबू पिळा, पिशवीला रबर लावून ती आत ठेवून या आणि मग बसा. खारी मात्र घरात आणूच नका, निदान चार महिने. समोर डबा असताना रोज संध्याकाळी स्वतःशी भांडायचं, हे थकून आलेल्या बाईला जमत नाही, आणि का जमावं? त्या वेळी तुम्हाला खरी भूक असते. एक वाजता जेवलेलं असतं आणि सहा वाजलेले असतात. उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर मोडाची मटकी परतून, नाहीतर मूठभर फुटाणे. तुमच्या दिवसभराच्या जेवणात प्रथिनं फार कमी दिसतात. ६८ किलो वजनाला रोज ५५ ग्रॅमच्या आसपास हवीत, आणि डब्यातल्या पोळी-भाजीतून दहा-बाराच्या वर मिळत नाहीत. डब्यात एक पोळी कमी करून त्या जागी घट्ट उसळीची वाटी द्या. दुपारची चारची भूक आपोआप बोथट होईल.

बेदाण्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तासगाव तुमच्या शेजारी आहे आणि तिकडच्या घरांत टेबलावर बेदाण्याची बरणी असते हे मला ठाऊक आहे. जाता-येता मूठ तोंडात टाकत असाल तर बरणी कपाटात ठेवा. सुकलेलं द्राक्ष म्हणजे पाणी काढून टाकलेली साखर. मुलांच्या ताटात उरलेलं संपवण्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेही बहुतेक घरांत आईच करते. अन्न टाकवत नाही, हे मला कळतं, मलाही टाकवत नाही. म्हणून ताटात वाढतानाच कमी वाढा आणि उरलेलं झाकून सकाळी फोडणीला द्या. आपलं पोट हा घराचा उरलंसुरलं ठेवायचा डबा नव्हे.

आता उपवास. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुम्ही म्हणता ‘उपवास करते, तरी वजन हलत नाही’, आणि मला वाटतं ते ‘तरी’ चुकीचं आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगीच केलेली नाही. गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या मिळून महिन्यात सात-आठ दिवस होतात. श्रावणात सोमवार वाढतील. त्या दिवशी काय खाता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण खिचडी असणार. एका ताटलीला ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, २६० कॅलरी. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७०. दोन चमचे तूप, ९०. बटाटा, ४०. झाल्या साडेपाचशेच्या वर, एका ताटलीच्या. पुन्हा उपवास आहे म्हणून दूध-केळं, वेफर्स, रात्री परत तेच. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. तुमच्या ६.१ च्या साखरेला तो भातापेक्षा वाईट आहे. तुम्ही घनसाळ सोडला आणि साबुदाणा ठेवला, हे वाचून मला खरंच हळहळ वाटली.

साबुदाणा धर्माचा आहे असं वाटत असेल तर त्याचा प्रवास बघा. कसावा नावाच्या कंदाच्या पिष्टाचे ते दाणे, मोठं उत्पादन तमिळनाडूत सेलमच्या परिसरात होतं, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची सगळे अमेरिकेच्या दोन खंडांतूनच आलेले. आपल्या पणजीच्या पणजीच्या उपवासात यातलं काय असेल? जे अलीकडे आत आलं, ते बाहेरही काढता येतं. उपवासाला जुनी, चांगली सोबत आहे ती वरीची. भगर एक वाटी, पातळ दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर. भगरही धान्यासारखीच, तेव्हा वाटी एकच. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ काकडी किसून, तव्यावर जेमतेम तूप सोडून, दह्याबरोबर: राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, उपवासाच्या पदार्थांत याहून चांगलं मला तरी माहीत नाही. उकडलेलं रताळं अर्धं. ताक हवं तेवढं. फळ एक, रस नको. खिचडी महिन्यातून एकदा करा, एखाद्या एकादशीला, छान मऊ, लिंबू पिळून, आणि आनंदाने खा. सासूबाईंना त्यांची खिचडी हवी असेल तर त्यांना करून द्या. त्यांच्या ताटाशी आपलं भांडण नाही.

तुमच्या मैत्रिणीबद्दल. दिवसातून दोनदाच जेवण ही पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रात घरोघरी पोचवली. अनेकांचं वजन त्याने उतरलं आहे, तुमच्या मैत्रिणीचंही उतरलं, छानच. पण तिच्या दिवसातून नेमकं काय गेलं ते तिला विचारा. दोन जेवणं तर राहिली. गेले असणार ते मधले गोड चहा, खारी, बिस्किटं, येता-जाता तोंडात टाकलेलं. मी तुम्हाला तेच काढायला सांगते आहे. एकदम दोन जेवणांवर या असं तुम्हाला मी आज सांगणार नाही, कारण भात सोडण्याचा अनुभव ताजा आहे. कडक नियम, मग एक पंगत, मग सगळं सोडून देणं, हे चक्र पुन्हा सुरू व्हायला नको. मधलं खाणं सुटल्यावर दोन जेवणं आपोआप पुरेशी वाटू लागली तर जरूर करा. हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण किंवा उपवास यांत काही बदल करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

तेलाबद्दल थोडक्यात. पाच लिटरचा डबा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. घरात तुम्ही चार जण असाल आणि तो महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय, म्हणजे ३४० कॅलरी. डबा चाळीस दिवस पुरवायचा. फोडणी डब्यातून धार धरून घालू नका, चमच्याने मोजून घाला. तेवढ्याने पुरतो.

आता मघाशी राखून ठेवलेला उपाय. आषाढी एकादशीपासून चातुर्मास. आपल्याकडे चार महिने काही ना काही सोडण्याचा नेम धरायची जुनी रीत आहे, कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी एखादा गोड पदार्थ. तुम्ही उपवास मनापासून करता, म्हणून सुचवते: यंदाचा नेम चहाचा धरा. दिवसाला तीनच कप, साखर पातेल्यात नाही, चहाबरोबर खायला काही नाही. खरंच धरा, देवासमोर हात जोडून. ‘मी डाएट करते’ म्हटलं की ऑफिसातला प्रत्येक जण आग्रह करतो, एक घोट घेतल्याने काय होतंय म्हणतो. ‘चातुर्मासाचा नेम आहे’ म्हटलं की तोच माणूस कप मागे घेतो आणि सासूबाईही तुमच्या बाजूने उभ्या राहतात. हे पत्र हाती पडेल तेव्हा आषाढी होऊन गेली असेल, तरी चालेल. गुरुपौर्णिमेला धरा, श्रावणाच्या पहिल्या दिवशी धरा. मध्ये दिवाळी येईल. त्या चार दिवसांत सगळ्यांबरोबर फराळ ताटलीत घेऊन खा. सांभाळायचं ते पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत घरात रेंगाळणाऱ्या डब्यांपासून. ते भाऊबीजेलाच वाटून टाका.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर वजन करा. रोज नको, पाण्याच्या चढउताराने उगीच जीव खालीवर होतो. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ, कार्तिकीपर्यंत साडेतीन-चार किलो उतरले तर तुमच्या साखरेवर त्याचा परिणाम दिसेल. बेंबीपाशी टेपही लावा. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. आणि काटा हट्टाने हललाच नाही, तर चेन्नईचा एक अभ्यास लक्षात ठेवा. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमच्यासारख्याच उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना काही वर्षं पाहिलं आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी साखर, मैदा, तेल कमी केलं आणि रोज चालायला सुरुवात केली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. आणि त्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. तेव्हा सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा, फोटो बघू नका.

शेवटचं काम आजचं आहे. आजऱ्याला भावाला फोन करा. दिवाळीनंतर नवीन घनसाळ निघेल, तेव्हा पोतं नेहमीसारखं पाठव म्हणून सांगा. फोनवर घरी बोलणं होईल तेव्हा वहिनीलाही विचारा, आजरा-आंबोलीकडे उपवासाला साबुदाण्याच्या आधी काय करायचे. तुमच्या आईच्या हातची एखादी कृती तिला माहीत असेल, तर ती मला जरूर कळवा.